टोमॅटोसाठी सेल्फ वॉटरिंग बादली: मापं, मिश्रण आणि नेमकं काय बिघडतं

प्रश्न असा आहे: २० लिटरच्या दोन बादल्या एकात एक बसवून टोमॅटोसाठी सेल्फ वॉटरिंग कुंडी करायची आहे. भोकं कुठे आणि किती मोठी पाडायची, मिश्रण कोणतं भरायचं, खत कसं द्यायचं? आणि आधी केलेल्या एका बादलीत खालचा कप्पा पाण्याने भरलेला असूनही रोप मलूल होऊन पिवळं का पडलं?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची बरीचशी मापं त्यावरूनच ठरतात. या बादलीत मुळांना दोन गोष्टी एकाच वेळी मिळायला हव्यात: खालून चढणारं पाणी, आणि त्या पाण्याच्या वर मोकळी राहिलेली हवा. पाणी चढवायची सोय सगळेच करतात. हवेची जागा मात्र राहून जाते. मुळं पाण्यात बुडून राहिली की त्यांना ऑक्सिजन मिळत नाही, ती पाणी ओढायचं थांबतात, आणि भरल्या टाकीवर बसलेलं रोप तहानलेल्यासारखं मान टाकतं. ते पाहून माणूस आणखी पाणी ओततो. म्हणून या सगळ्या रचनेत सर्वांत महत्त्वाचं काय, तर बाहेरच्या बादलीला पाडलेलं १० मिलिमीटरचं ओव्हरफ्लोचं, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर सोडणारं भोक. ते चुकलं की बाकीचं कितीही नीट केलेलं असो, उपयोग नाही.

रचना अशी. बाहेरची बादली पाणी धरते, आतली मिश्रण धरते. दोघींच्या तळांमध्ये जी पोकळी राहते तो पाण्याचा कप्पा. आतल्या बादलीच्या तळाला मधोमध एक मोठं भोक असतं आणि त्यातून मिश्रणाने ठासून भरलेली सच्छिद्र नळी खालच्या पाण्यात उतरते. ही झाली वात. समईची वात जसं तेल ओढते तसं हे मिश्रण पाणी ओढतं आणि वर पोचवतं.

आता पाण्याचा हिशेब. समजा बादलीच्या तळाचा व्यास २६ सेंटीमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५३० चौरस सेंटीमीटर. बादल्या नुसत्या एकात एक ठेवल्या तर बहुतेक वेळा ५ ते ८ सेंटीमीटर पोकळी मिळते. त्यातली वरची दीड सेंटीमीटर हवेसाठी सोडली तर ७ सेंटीमीटरच्या पोकळीत पाणी राहतं जेमतेम ३ लिटर. फळांनी लगडलेलं टोमॅटोचं झाड कडक उन्हाच्या दिवसात २ ते ४ लिटर पाणी पितं. थोडक्यात, "आठवड्यातून एकदा पाणी घाला" हे जे सर्रास सांगितलं जातं ते लहान रोपाला किंवा थंड दिवसांना लागू पडतं. ऐन बहरात ही बादली फार तर एक दिवस सांभाळते.

म्हणून बादल्या नुसत्या एकात एक न घालता मध्ये पाय द्यावेत. ४० ते ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचे प्रत्येकी १२ सेंटीमीटर उंचीचे तीन तुकडे कापायचे, प्रत्येकाच्या खालच्या कडेला एक खाच पाडायची (म्हणजे तुकड्याच्या आतही पाणी शिरतं) आणि ते बाहेरच्या बादलीच्या तळावर त्रिकोणात उभे करायचे. पाण्याची खोली साडेदहा सेंटीमीटर होते आणि साठा साडेपाच लिटरच्या आसपास जातो. आतली बादली तेवढी वर येते, पण मिश्रणाची जागा कमी होत नाही. पायांचा दुसरा फायदा याहून मोठा आहे. निमुळत्या बादल्यांवर १८-२० किलो वजन पडलं की आतली बादली पाचरीसारखी खाली रुतत जाते, पोकळी कमी होते, ओव्हरफ्लोचं भोक आपसूक चुकीच्या उंचीवर येतं, आणि उन्हाने कडक झालेली बाहेरची बादली एखाद्या दिवशी उभी तडकते. पाय असले की वजन तळावर उतरतं.

बादली वर उचलल्यामुळे दोघींच्या काठांमध्ये अर्धा सेंटीमीटरभर फट राहते. ती फोमच्या पट्टीने किंवा सिंथेटिक कापड दाबून बंद करावी. नाहीतर तिथून उजेडही जातो आणि डासही.

वातीसाठी ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा १४ सेंटीमीटरचा तुकडा घ्या: १२ खाली, २ आतल्या बादलीत वर. करवतीने त्याला सगळीकडून आडव्या चिरा द्या, २ ते ३ मिलिमीटर रुंद, दोन चिरांमध्ये बोटभर अंतर. चिरा याहून रुंद झाल्या तर मिश्रण धुऊन खाली बसतं. वातीचं खालचं तोंड बाहेरच्या बादलीच्या तळाला टेकलेलं हवं. दोन सेंटीमीटर वर लोंबत राहिलं तर तळातलं लिटरभर पाणी कधीच वापरलं जात नाही. ७५ मिलिमीटरची वात तळाच्या क्षेत्रफळाच्या साधारण ८ टक्के होते आणि एका झाडाला पुरते. दोरीच्या किंवा सुती चिंधीच्या वाती मात्र टोमॅटोसाठी नकोत. सुती कापड काही महिन्यांत कुजतं, आणि नायलॉनची दोरी पुदिना-कोथिंबिरीला पुरेल इतकंच पाणी चढवते.

आतल्या बादलीच्या तळाला मधल्या भोकाशिवाय ६ मिलिमीटरची २० ते २५ भोकं पाडा. यांचं काम दुहेरी आहे: वरून जास्तीचं पाणी आलं तर खाली उतरू देणं आणि खालच्या पोकळीतली हवा मुळांपर्यंत पोचवणं. शिवाय काठाजवळ ३२ मिलिमीटरचं एक भोक पाणी भरायच्या नळीसाठी. ती नळी ५५ ते ६० सेंटीमीटर लांब घ्या, म्हणजे वर काठाच्या बाहेर ८-१० सेंटीमीटर राहते. तिचं खालचं टोक ४५ अंशात तिरकं कापायचं. सरळ कापलेली नळी तळावर चपखल बसते आणि पाणी तुंबतं.

ड्रिल हळू फिरवा आणि मागे लाकडाचा तुकडा धरा. जोर लावला की बादलीचं प्लास्टिक भोकापासून चिरत जातं. ७५ मिलिमीटरचा होल सॉ (ड्रिलला लावायचं मोठं गोल भोक पाडणारं पातं) नसेल तर वर्तुळ आखून त्याच्या कडेने बारीक भोकं पाडावीत आणि हॅकसॉच्या पात्याने जोडून घ्यावीत. बादल्या खाद्यपदार्थांच्या असाव्यात, तळाला त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असलेल्या. रंगाच्या, ऑइलच्या किंवा औषधफवारणीच्या बादल्या कितीही धुतल्या तरी नकोत.

ओव्हरफ्लोचं भोक. पाय ठेवा, आतली बादली बसवा, तिच्यात १०-१५ किलो वजन ठेवा आणि मगच बाहेरून तिच्या तळाची पातळी आखा. बादली अपारदर्शक असेल तर आतून उंची मोजून बाहेर खूण करा. त्या खुणेच्या दीड सेंटीमीटर खाली भोकाची खालची कड आली पाहिजे, कारण पाणी तिथपर्यंतच चढतं. समोरासमोर दोन भोकं पाडावीत, एखादं मुळांनी किंवा शेवाळाने बुजलं तर दुसरं असतं. दोन्हींवर आतून बारीक नायलॉनची जाळी चिकटवा. भरायच्या नळीवर टोपण हवंच. डासाची अळी ते डास हा प्रवास उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो आणि हा कप्पा त्यांना अगदी सोयीचा आहे.

मिश्रण भरण्याआधी एक चाचणी घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आतल्या रिकाम्या बादलीत वजन ठेवून नळीतून पाणी ओता, ओव्हरफ्लोमधून वाहू लागेपर्यंत. मग आतली बादली सरळ वर उचला आणि तळ पाहा. वातीची नळी ओली, बाकी तळ कोरडा, असं दिसलं पाहिजे. तळ ओला असेल तर भोक वर पडलंय. जुनं टेपने बुजवून खाली नवीन पाडा. मलूल पडलेल्या जुन्या बादलीची तपासणीही इथूनच सुरू करावी.

मिश्रणाकडे वळू. बागेतली माती, कितीही भुसभुशीत असली तरी, इथे चालत नाही. तिची बारीक छिद्रं खालून चढणाऱ्या पाण्याने पूर्ण भरतात, हवेला जागा उरत नाही, आणि महिन्याभरात ती दाबून बसते. वाळू जड असते आणि तिच्यातून पाणी पुरेसं वर चढत नाही. तळाला खडी घालायची सवय तर इथे दुहेरी नुकसान करते: पाण्याची जागा खाते आणि केशाकर्षण (बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर चढणं) तोडते. हवं ते कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) किंवा पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), कारण ते २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत पाणी सहज चढवतं आणि तरी हवा धरतं. म्हणूनच मिश्रणाची खोलीही ३० सेंटीमीटरच्या आत ठेवायची.

एका बादलीसाठी २० लिटर मिश्रण तयार करा, दाबल्यावर ते १७-१८ लिटर होतं: भिजवून फुललेलं कोकोपीट १२ लिटर, जाड परलाइट (हलके, पांढरे खनिजाचे दाणे) ४ लिटर, चाळलेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं कंपोस्ट ४ लिटर. कंपोस्ट याहून जास्त घालायचा मोह टाळा. सतत ओलं राहणारं जास्तीचं सेंद्रिय द्रव्य तळाशी हवेविना कुजतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. याच कारणाने कच्चं शेणखत पूर्ण वर्ज्य. डोलोमाइट चुनखडीची भुकटी कोकोपीटच्या मिश्रणात ३० ते ४० ग्रॅम, पीट मॉस असेल तर ८० ते १०० ग्रॅम, कारण पीट जास्त आम्ल असतं.

कोकोपीटबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते मिश्रणातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून बसतं. साध्या कुंडीत वरून पाणी घालताना हे क्षार हळूहळू धुऊन जातात, या बादलीत जात नाहीत. म्हणून आधी साध्या पाण्याने दोनदा धुवा, मग १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर भिजवा आणि एकदा निथळून घ्या. हे टाळलं की फळाचं देठाविरुद्धचं टोक काळं पडतं.

भरताना आधी वात. ओलं मिश्रण मूठमूठ घालून काठीने ठासा, मध्ये पोकळी राहता कामा नये. मग तळावर ५ सेंटीमीटरचा थर हलका दाबा, आणि त्यावर उरलेलं मिश्रण नुसतं आपटून बसवत काठाच्या ४ सेंटीमीटर खालीपर्यंत भरा. बादलीची उंची ३६ असेल तर हा थर ३२ चा होतो आणि पहिल्या पाण्याने बसून ३० वर येतो. आता वरून पाणी घाला, ओव्हरफ्लोमधून बाहेर येईपर्यंत. हे पहिलं पाणी वरूनच द्यायचं. कोरडं कोकोपीट पाणी ओढत नाही, ओलं असलेलंच ओढतं. पुढे कधी बादली पूर्ण कोरडी पडली तर नुसता कप्पा भरून उपयोग होत नाही, तोही याच कारणाने. पुन्हा वरून भिजवून साखळी जोडावी लागते.

एका बादलीत एकच रोप. मर्यादित वाढीच्या बुटक्या जाती २० लिटरमध्ये सर्वांत सुखी असतात. वेलासारख्या वाढणाऱ्या जाती आणि चेरी टोमॅटोही येतात, पण त्यांचं पाणी आणि आधार दोन्ही सांभाळावं लागतं. रोप खोल लावा, खालची पानं काढून खोडाचा भाग मिश्रणात गेला की त्यावर नवी मुळं फुटतात. फक्त मुळांचा गोळा बादलीच्या वरच्या अर्ध्यात राहू द्या, अगदी तळाच्या ओल्यात नको. पहिले दोन-तीन आठवडे कप्पा अर्धाच भरा. लहान रोप पाणी कमी पितं, त्यामुळे पूर्ण भरला तर मिश्रण थंड आणि चिंब राहतं, आणि मूळ खाली जायचं कारणच उरत नाही. आधाराची काठी बादलीत रोवून भागत नाही, फळांच्या वजनाने ती मिश्रणासकट कलंडते. आधार बाहेरच्या चौकटीला किंवा कठड्याला बांधा, किंवा वरून दोरी सोडून झाड तिच्यावर चढवा.

खताच्या दोन पद्धती आहेत, एकच निवडा. पहिली: १०:१०:१० सारखं (नत्र, स्फुरद, पोटॅश समान असलेलं) दाणेदार मिश्रखत साधारण १०० ग्रॅम, वरच्या थरात काठाच्या कडेने, खोडापासून किमान १० सेंटीमीटर दूर, दोन-तीन सेंटीमीटर खोल पट्टीत. ते मिश्रणात कालवायचं नाही. खालून आलेल्या ओलाव्याने पट्टी हळूहळू विरघळते आणि मुळं गरजेइतकं तिथून घेतात. युरिया किंवा डीएपीची पट्टी चुकूनही करू नका. त्यातला अमोनिया मुळं जाळतो, आणि जास्त अमोनियम असलं की कॅल्शियम घेणंही अडतं. दुसरी पद्धत: कप्प्याच्या पाण्यातून विद्राव्य खत. फुलं येईपर्यंत १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, फळं धरल्यावर पोटॅश जास्त असलेलं खत त्याच प्रमाणात, एक भरणी खताची आणि पुढची कॅल्शियम नायट्रेटची (लिटरला अर्धा ते १ ग्रॅम). स्फुरद असलेलं खत आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच पाण्यात मिसळलं की पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. जीवामृत, गुळाचं पाणी, पेंड असलं काहीही कप्प्यात ओतू नका. दोन दिवसांत घाण वास सुटतो.

मिश्रणावर प्लास्टिकचं आच्छादन घाला, झाडासाठी मध्ये ६ सेंटीमीटरची चीर, नळीसाठी एक, आणि काठावर दोरीने बांधून टाका. बाष्पीभवन थांबतं, क्षार वर येऊन साचायचं कमी होतं, आणि पावसाने खताची पट्टी धुऊन जात नाही. थंड हवेत काळी बाजू, उष्ण हवेत पांढरी बाजू बाहेर ठेवा. बादल्यांचंही तसंच. काळी बादली थेट उन्हात ठेवली तर मुळांशी तापमान ३५ अंशांच्या वर सहज जातं आणि मुळं काम थांबवतात. पांढरी पातळ बादली असेल तर उजेड आत जाऊन शेवाळ धरतं, तिला बाहेरून आधी गडद आणि वर पांढरा रंग द्यावा किंवा पोतं गुंडाळावं.

पाणी किती उरलंय हे कळायला नळीत बुचाच्या तुकड्यात खोचलेली बारीक काडी सोडा. कप्पा भरलेला असताना आणि रिकामा असताना टोपणातून काडी किती वर येते याच्या दोन खुणा करा, अंदाज बांधावा लागत नाही. टोपणाचं भोक काडी सरकेल इतकंच. फळं वाढत असताना कप्पा पूर्ण रिकामा होऊ देऊ नका. कोरडं पडून मग एकदम पाणी मिळालं की फळं तडकतात, आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच फळात जात असल्याने टोक काळं पडण्याची सुरुवातही अशाच खंडातून होते.

भरल्या कप्प्यावर झाड मान टाकत असेल तर क्रमाने पाहा. दुपारी मलूल, संध्याकाळी ताठ: नुसती उष्णता, काही करू नका. दिवसभर मलूल आणि बोट ५-७ सेंटीमीटर घातल्यावर मिश्रण कोरडं: वात तुटलीय, वरून भिजवा. मिश्रण चिंब, पानांचे देठ खाली वाकलेले, खालची पानं पिवळी, ओव्हरफ्लोला नाक लावल्यावर वास: मुळं गुदमरलीत. कप्पा रिकामा करा, भोकं मोकळी करा, दोन दिवस कोरडा ठेवून मग अर्धा भरा. यातलं काहीच नसेल तर मर रोगाची शंका घ्या. जमिनीलगतचं खोड कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकवा. काही मिनिटांत त्यातून दुधासारखी रेघ उतरली तर तो जिवाणूजन्य मर आहे आणि झाड वाचत नाही. रेघ नाही पण खोडाच्या आत तपकिरी कडं दिसतं, तर बहुधा बुरशीजन्य मर. फुलं मात्र गळतायत आणि झाड हिरवंगार आहे, तर बादलीचा दोष नसतो. दिवसा ३५ अंशांच्या आसपास आणि रात्री २४ च्या वर तापमान राहिलं की परागकण निकामी होतात.

अनेक बादल्या एका टाकीला फ्लोट व्हॉल्व्हने (पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप बंद होणाऱ्या तोटीने) जोडता येतात, रोजची भरणी वाचते. सगळ्या बादल्यांचे तळ एका पातळीत हवेत, नाहीतर खालची तुंबते आणि वरची कोरडी राहते. पण मर रोगाचे जंतू पाण्यातून पसरतात, एक झाड आजारी पडलं की सगळी रांग धोक्यात. माझं मत विचाराल तर चार-पाच बादल्यांपर्यंत हातानेच भरावं.

हंगाम संपल्यावर झाड काढा, खताच्या पट्टीचा उरलेला थर खरवडून टाका, कप्प्यात उतरलेली मुळं आणि गाळ साफ करा, आणि मिश्रणातून वरून ३०-४० लिटर साधं पाणी सोडून साचलेले क्षार धुवा. ते पुढच्या हंगामात चालतं, एक पंचमांश नवीन कोकोपीट-परलाइट मिसळून. दर वेळी परलाइटचं प्रमाण थोडं वाढवा, कारण कोकोपीट झिजून बारीक होत जातं आणि जास्त पाणी धरतं. मर रोग झालेल्या बादलीतलं मिश्रण मात्र टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा यांपैकी कशालाही वापरू नका, आणि बादल्या, पाय, वात ब्लीचच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.